"सर, हे लिहून घ्यायचं का?" : पोरांना आपलं आपण शिकायला कसं लावावं?

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, मराठी माध्यमाच्या एका हायस्कुलात शिकवतो. विषय समाजविज्ञान. माणसं कमी पडली की गणितही गळ्यात येतं. १९ वर्षं झाली.

मागच्या आठवड्यात नववीला मान्सून शिकवत होतो. बाहेर पाऊस असा की कौलांवरच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. शेवटी म्हटलं, पुस्तकं मिटा. बाहेर बघा, आणि जे दिसतंय त्यावर एक प्रश्न लिहा. उत्तर नको, प्रश्न. पाच मिनिटं वर्ग गप्प. मग पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"सर, प्रश्न तुम्हीच सांगा की. आम्ही लिहून घेतो."

वर्गात हसलो, पण रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना. ही वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. अक्षर मोत्यासारखं, वहीला वर्तमानपत्राचं कव्हर, समासाची रेघ लाल पेननं. तिची काही चूक नाही. नऊ वर्षं आम्हीच तिला हे शिकवलंय. मी सांगणार, ती लिहिणार, परीक्षेत ते परत मला देणार. जानेवारी लागला की 'पासिंग पॅकेज' : एवढे नकाशे, एवढी व्याकरणं, एवढे प्रश्न घोका, पास व्हाल. मीही वाटलीत ती पॅकेजं, खोटं कशाला बोलू.

दहावीपर्यंत हे खपतं. एसएसएलसीला ६२५ पैकी साडेपाचशे पडतात, पेढे वाटले जातात. मग पोर बेळगावला पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला जातं. तिथं सगळं इंग्रजीत, सांगणारं कुणी नाही. गणपतीला गावी येतं तेव्हा तोंड उतरलेलं असतं. दरवर्षी दोन-तीन जण तरी आर्ट्सला बदलून घेतात. आर्ट्स वाईट नाही हो, पण हरून जाऊ नये ना.

तर विचारायचं हे, की तुम्ही कुणी पोरांना आपलं आपण शिकायची सवय लावलीय का? किंवा तुम्हाला स्वतःला ती कशी लागली? व्याख्यानं नकोत, मोठ्या माणसांच्या गोष्टी नकोत. काय केलं ते सांगा. माझ्या डोक्यात सध्या एवढंच आहे की दर आठवड्याला चांगल्या प्रश्नाला पेन बक्षीस द्यावं.


गल्लीतला_गणू

मास्तर, त्या मुलीला माझा दंडवत. मीही तसाच शिकलो, आज सरकारी खात्यात आहे. साहेबांनी काही सांगितलं की अजून तेच विचारतो : "लिहून घेऊ का?" प्रमोशनही मिळालंय.


बेळगुंदीची_लेक

मास्तर, तुमची ती तोंड उतरलेली पोरगी म्हणजे मी. आता बंगळूरला नोकरी करते.

दहावीपर्यंत मराठी. पीयूच्या पहिल्या आठवड्यात मॅडमनी फळ्यावर 'फोटोसिंथेसिस' लिहिलं आणि पुढं बोलत सुटल्या. मला प्रकाशसंश्लेषण आकृतीसकट तोंडपाठ. पण हे तेच ते, हे कळायला मला चार दिवस लागले. चार दिवस मी नवीन काहीतरी भयंकर चाललंय म्हणून घाबरून बसले होते.

शेजारी बैलहोंगलची एक मुलगी बसायची, कन्नड माध्यमाची. एकदा तिच्या वहीत डोकावले तर तीही माझ्यासारखीच शब्द नुसते उतरवत होती. तिच्याकडं त्याचं नाव 'द्युतिसंश्लेषणे'. दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघून हसलो. त्या संध्याकाळी हॉस्टेलवर शंभर पानी वही घेतली, पानावर तीन रकाने पाडले : मराठी, कन्नड, इंग्रजी. रोज तासाला अडलेले शब्द रात्री त्यात. तिनं तिचा सांगायचा, मी माझा, इंग्रजी दोघींनी मिळून शोधायचा.

गंमत पुढं आहे. 'मूळ संख्या' हा शब्द मी सहावीपासून वापरत होते, व्याख्याही पाठ होती. ती म्हणाली, आमच्यात 'अविभाज्य संख्ये'. आणि मला त्या दिवशी कळलं की हिला मूळ का म्हणतात, भाग जात नाही म्हणून, हिच्यातूनच बाकीच्या संख्या बनतात म्हणून! आमचा 'त्रिकोण', त्यांचा 'त्रिभुज'. आम्ही कोपरे मोजले, त्यांनी बाजू. चुंबकाला त्या 'अयस्कांत' म्हणतात, ऐकायला एखाद्या राजपुत्रासारखं. आणि सरासरीला दोन्हीकडं सरासरीच.

वर्षभरात वही भरली. वही करा असं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटतं म्हणूनच ती पूर्ण झाली. सांगितलं असतं तर पहिली चार पानं रंगीत पेननं करून सोडून दिली असती. मास्तर, नववीपासूनच तीन रकाने पाडायला लावा. म्हणजे लावू नका. कसं करायचं ते तुम्ही बघा!


निपाणीकर_सुमन

सगळं वाचलं. छान आहे, पण मला राग येऊलालाय, तो लिहिते.

माझी आई विड्या वळायची. शाळेतून आलं की दप्तर खुंटीला आणि आम्ही बहिणी भिजवलेली तेंदूची पानं घेऊन बसायचो. साच्यावर ठेवून कात्रीनं कापायची. पंचवीसची जुडी, चाळीस जुड्या झाल्या की हजार, आणि मजुरी हजारावर. पाढे माझे तिथंच पाठ झाले, ते राहू दे. सांगायचं हे की रात्री नऊला हात तंबाखूच्या वासाचे असताना 'आपलं आपण शिक' म्हणणाऱ्याचा गळा धरावासा वाटतो.

आणखी एक. आमच्या शाळेत गणिताला बरेच महिने माणूसच नव्हता. अतिथी शिक्षक आले ते दिवाळीनंतर. त्याच वर्षी स्नेहसंमेलनाला कुणी पाहुणे आले आणि म्हणाले, एकलव्य व्हा. एकलव्याचं शेवटी काय झालं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. वर्गात शिक्षक नाही, घरात जागा नाही, आणि पोर नापास झालं की त्याच्यात जिद्द नव्हती. हे स्वयंअध्ययनाचं कौतुक मला कधी कधी अंग काढून घ्यायची युक्ती वाटते.


घाटमाथा

सुमनताई, बरोबर आहे तुमचं. जागा भरायच्या नाहीत म्हणून कुणी स्वयंअध्ययन म्हणत असेल तर ती लबाडी आहे, आणि मला त्यात सामील व्हायचं नाही. मी वर्गात असणारच आहे. मी वर्गात असूनही पोरं शिकत नाहीत, लिहून घेतात, अडचण ही आहे.

तुमच्या अंगावर घरचं काम होतं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली आत्ता लावणीला जातात. म्हणून मी घरी काही करायला देणार नाही. जे काय करायचं ते शाळेच्या वेळेतच. हे तुमच्यामुळं सुचलं, आधी डोक्यात नव्हतं.

लेकी, तुझी वही कुठं असेल तर फोटो टाक की एखादा.


पॅटर्नवाला_काका

मी सातवी नापास. बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्नशॉपला, म्हंजे ओतकामाचे लाकडी नमुने करतात तिथं, उभा जन्म काढला. आता घरी बसून नातवाला पिडतो. मला मास्तरकीतलं कळत नाही, माझं सांगूलालो.

नवा होतो तेव्हा एका ब्रॅकेटचा लाकडी पॅटर्न केला. ड्रॉइंग बघून, माप न् माप बरोबर. छाती फुगवून मेस्त्रीला दाखवला. तो बघून काहीच बोलला नाही, मोल्डिंगला पाठवून दिला. बीड (ओतीव लोखंड) ओतलं, गार झालं, फोडून काढलं. मेस्त्रीनं ते आणि पट्टी माझ्या हातात दिली. म्हणाला, मोज. मोजलं तर माल लहान! परत मोजलं, परत लहान. पट्टीच खोटी म्हणून दुसऱ्याची पट्टी आणली. तरी लहानच.

मेस्त्री चहा पीत बसलेला. म्हणाला, किती कमी ते लिही, लांबीला किती, रुंदीला किती. लिहिलं. आता बघ काय दिसतंय. अर्धा दिवस बघत बसलो बघा. मग दिसलं. मीटरला दहा मिलिमीटरच्या आसपास सगळीकडं सारखंच कमी. म्हंजे शंभराला एक. बीड गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी वेगळी पट्टी असते, तेवढ्याच लांब खुणांची, ती मेस्त्रीच्या कपाटात आधीपासून होतीच! त्या दिवशी संध्याकाळी त्यानं ती काढून दिली. ॲल्युमिनियमला आणखी जास्त सोडावं लागतं, ते नंतर मी न विचारताच मोजून काढलं.

शाळेत मला शेकडेवारीनंच नापास केलं होतं. मास्तर सकाळीच पट्टी देत होते, म्हणून कळली नाही. मेस्त्रीनं ती संध्याकाळी दिली. एक लाकूड न् थोडं बीड वाया गेलं एवढंच.


बेळगुंदीची_लेक

काका, हा प्रतिसाद मी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकणार आहे. वही आईकडं आहे, फोटो मागवते.


शहापूरचा_विणकर

आपल्या पोरांना आपल्या भाषेत शिकू दिलं जात नाही, मुळात दुखणं तिथं आहे. १९६७ चा महाजन अहवाल आला तेव्हापासून


संपादक

विणकर, सीमाप्रश्नावर आधीच अकरा धागे आहेत, तिथं या. हा प्रतिसाद आटोपता घेतला आहे.


चष्मेबद्दूर

मी शिक्षणशास्त्र शिकवतो, त्यामुळं थोडं पुस्तकी बोलतो, सांभाळून घ्या.

मास्तर, ते पेन देऊ नका. १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना मुळातच स्केचपेननं चित्रं काढायला आवडायचं, त्यातल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालंही. पुढं मोकळ्या वेळात पेनं समोर ठेवली, तर बक्षिसाचं ठरवून चित्रं काढलेल्या मुलांचा त्यातला रस कमी झालेला. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं किंवा मिळालंच नाही, त्यांचा झाला नाही. खेळाचं काम झालं की काम मजुरीवर चालतं. अर्थात, ज्या गोष्टीत पोराला मुळीच रस नाही तिथं सुरुवातीला बक्षीस चालू शकतं, यावर वाद आहेत. पण प्रश्न विचारायला पेन म्हणजे पेनासाठी प्रश्न. पाचव्या आठवड्याला गाइडातले प्रश्न येतील.

दुसरं, पोरं 'अभ्यास केला' म्हणतात म्हणजे धडा परत वाचतात. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मिटला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढं. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढं. पाच मिनिटांचं ते यश फसवं असतं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि पोराला वाटतं आपल्याला येतंय. जे स्वतः शिकतात त्यांना मुख्यतः हे कळत असतं, की आपल्याला काय येत नाही. काकांच्या हातात पट्टी होती, तशी प्रत्येक पोराच्या हातात काहीतरी हवं, ज्यानं त्याचं त्यानं मोजावं. पुस्तक मिटून कोरा कागद ही सगळ्यात स्वस्त पट्टी.


गल्लीतला_गणू

चष्मेबद्दूर सर, लिहून घेऊ का?


चिक्कोडी_लाइन

मास्तर, तुमची पोरं आपलं आपण शिकत नाहीत हे मला पटत नाही. त्यांना कन्नड कुणी शिकवलं? शाळेतलं सोडा, बोलायचं? आमच्या मुलानं ते वायव्य कर्नाटकच्या लाल बसमध्ये शिकलं. अक्षरं पाटीवरून, शिव्या कंडक्टरकडून. आधी पाटीवरचा शेवटचा गोल गोल शब्द कुठला ते बस कुठं जाते यावरून ताडायचा, मग तेच अक्षर दुसऱ्या पाटीवर हुडकायचा. पहिली-दुसरीत असताना एक दिवस मला म्हणाला, "पप्पा, संकेश्वर न् सौंदत्ती दोन्हीत पहिलं अक्षर सारखंच, फक्त डोक्यावरचं वेगळं." एक छापील ओळ कुणी गिरवून घेतली नव्हती. आपल्या भागातलं पोर घरात मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी असं शिकवणीशिवाय शिकतं. मग वर्गात आल्यावर त्याला काय होतं, ते हुडका.

सुमनताईंच्या बोलण्यावर. आमच्याकडून नदी ओलांडून गेलं की कुंभोज, कर्मवीर भाऊरावांचं जन्मगाव, १८८७ चं. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे रयतचं वाक्य भिंतीवर सगळ्यांनी वाचलंय. पण त्यांनी पोरांना नुसतं स्वावलंबी व्हा म्हणून सोडून दिलं नव्हतं. १९१९ ला संस्था, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. आधी छप्पर, भाकरी आणि सोबत, मग कमवा आणि शिका. लेकीच्या वहीतसुद्धा बैलहोंगलची मैत्रीण आहेच की.


निपाणीकर_सुमन

हे मात्र पटलं. मलाही दहावीला पोचवलं ते शेजारच्या ताईनं. ती वळायची, मी वळायचे, आणि ती मला धडा विचारायची. पुस्तक हातात धरायला दोघींचे हात मोकळे नव्हते, म्हणून नुसतं आठवून बोलायचो. चष्मेबद्दूर सरांचं संशोधन आम्ही जुड्या बांधता बांधताच केलं होतं म्हणायचं!


वाचनवेडा

दोन कामाच्या गोष्टी. पंचायतीच्या वाचनालयात शाळकरी पोरांना फुकट सदस्यत्व द्यायचं, हे कर्नाटक सरकारच्या 'ओदुव बेळकु' योजनेखाली २०२० पासून सुरू झालंय. मराठी पुस्तकं नसतील तर लेखी मागणी द्या, तोंडी सांगून काही होत नाही. आणि बालभारतीची सगळी पुस्तकं नेटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत. आपल्या पुस्तकातला धडा कळला नाही तर तोच भाग बालभारतीत बघावा. दोन पुस्तकं तीच गोष्ट वेगळी सांगतात हे कळलं की पोराची पुस्तकाबद्दलची भीती जाते. छापलेलं म्हणजे शेवटचं नव्हे, एवढं कळलं तरी पुष्कळ.


घाटमाथा

धागा वर काढतोय. महिना झाला, हिशेब द्यायला आलो.

पेन दिलं नाही. तीन गोष्टी केल्या. नवा धडा काढला की पहिली पंधरा मिनिटं मी बोलायचं नाही. पोरांनी वाचायचं, जोडीनं, आणि जे कळलं नाही तेवढंच वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. शनिवारी सकाळच्या शाळेत कोरा कागद, आठवड्यातलं आठवेल ते, मार्क नाहीत, मी तपासणारही नाही. त्यांनीच पुस्तक उघडून आपलं आपण लाल करायचं. आणि लेकीच्या वहीचा फोटो, धूळ आणि डागांसकट, भिंतीवर लावला. 'करा' म्हणालो नाही. सहा जणांनी रकाने पाडलेत, त्यातल्या दोघांच्या वह्या अजून चालू आहेत.

पहिला आठवडा वाईट गेला. गप्प बसणं मला त्यांच्यापेक्षा जड गेलं. दोन वेळा तोंड उघडलंच. मागच्या बाकावरची चार पोरं 'काही अडलं नाही' असं रोज सुबक अक्षरात लिहायची. शनिवारचा कोरा कागद काहींचा कोराच राहिला, एकजण तर रडला. एक पालक शाळेत आले, हेडमास्तरांसमोर म्हणाले, "सर हल्ली शिकवत नाहीत, नुसते उभे असतात." मला काकांचा चहा पिणारा मेस्त्री आठवला, पण ते सांगून उपयोग नव्हता. त्यांना एका शनिवारी वर्गात बसवलं. पोराचा कागद बघून गेले, काही बोलले नाहीत.

परवाचं सांगतो. नद्यांचा धडा. त्या चौघांपैकीच एकाच्या मागच्या पानावर पहिल्यांदा काहीतरी दिसलं : "मलप्रभा आपल्या कणकुंबीला उगवते. समुद्र इकडं जवळ आहे. मग ती उलटी का जाते?"

१९ वर्षं मी 'मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते' असं सांगतोय. एकाही पोरानं कधी हे विचारलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. उत्तर तोंडावर आलं होतं, गिळलं. फळ्यावर नकाशा काढला. मलप्रभा पूर्वेला, सौंदत्तीच्या धरणातून पुढं कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. म्हादईही आपल्याच तालुक्यातली, पण ती पश्चिमेला, गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्रात. खडू ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

बराच वेळ कुजबुज. पोरं भांडत होती, कन्नडात आणि मराठीत. मग ती पहिल्या बाकावरची, लाल समासवाली, उठली. हात वर केला नाही, विचारलं नाही. वही उभी धरून मधोमध मुडपली आणि छपरासारखी बाकावर ठेवली.

"सर, हे आमच्या घराच्या आढ्यासारखं आहे. अलीकडं पडलेलं पाणी अंगणात येतं, पलीकडचं परसात जातं. अंगण जवळ असलं म्हणून परसातलं पाणी इकडं येत नाही. डोंगर म्हणजे आढं."

मी जलविभाजक हा शब्द फळ्यावर लिहिला. पोरांनी उतरवून घेतला, मी घ्या म्हटलं नव्हतं. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा तो मागच्या बाकावरचा अजून त्या मुडपलेल्या वहीकडं बघत बसला होता. म्हणाला, "पण सर, थेंब बरोबर आढ्यावरच पडला तर?"

त्याला म्हटलं, बाहेर पाऊस आहे, शाळेला कौलं आहेत, शिडी शिपायाकडं आहे. हेडमास्तरांची परवानगी मिळते का बघतो.


पॅटर्नवाला_काका

शिडी धरायला माणूस ठेवा मास्तर. कौलं निसरडी असतात.